वाचकांचे प्रश्न : कोलेत, मोरेनो आणि तारखा नसलेली पत्रं

गेल्या अंकात फ्रेंच लेखिका कोलेतने मार्गरीत मोरेनो या नटीला लिहिलेल्या पत्रांवर लेख होता. त्यावर बरेच प्रश्न आले. पुस्तक हातात घेऊन बसल्यावर ज्यांचा उपयोग होईल, असेच इथे घेतले आहेत. कोणाचं कोणाशी काय चाललं होतं, हे विचारणारे प्रश्न बाजूला ठेवले. चरित्रकारांनी ते काम भरपूर केलं आहे, आणि या पत्रांत त्याहून चांगलं बरंच काही आहे.

प्रश्न : पत्रसंग्रह मिळवला, पण सुरुवातीच्याच पानांत अडकलो. नावंच नावं येतात, कोण कोणाचं कळत नाही. नेमकी कुठून सुरुवात करावी?

पहिल्या पानापासून करू नका. हा संग्रह १९५९मध्ये फ्लामारियॉन या प्रकाशनाने काढला. क्लोद पिशवा यांनी मजकूर तपासून टिपा दिल्या. पत्रं कालक्रमाने लावली आहेत आणि सुरुवातीची विरळ, तुटक आहेत. खरा भर येतो तो १९२०नंतर. तेव्हा आधी १९२३ ते १९२६ हा तुकडा वाचा, मग १९४०नंतरची पत्रं, आणि मग मागे या. या क्रमाने गेलं की कोलेतचा आवाज कानात बसतो आणि सुरुवातीच्या चार ओळींच्या चिठ्ठ्याही बोलू लागतात.

१९२३च का? कारण त्या वर्षी मोरेनोचा दुसरा नवरा, नट जाँ दारागॉन, वारला आणि वर्षाच्या अखेरीला कोलेतचा आन्री द जुव्हनेलशी संसार मोडला. कोलेत तेव्हा पन्नाशीची, मोरेनो तिच्याहून दीड वर्षाने मोठी. दोघींनाही पुढे आपल्या कमाईवरच जगायचं होतं. पत्रांत रडारड फारशी नाही. करार, दौरे, खोकला, घरभाडं, कोणत्या नाटकात काय भूमिका मिळते आहे, असल्या गोष्टी आहेत. मोरेनोला 'रंगभूमीवरची मैत्रीण' म्हणताना एक विसरायचं नाही : कोलेत स्वतः १९०६पासून काही वर्षं मूकनाट्यं आणि म्युझिक हॉलमध्ये पोटासाठी काम करत होती, आणि १९२२मध्ये आपल्याच 'शेरी' या कादंबरीच्या नाट्यरूपात लेआची भूमिका करायला उभी राहिली होती. त्यामुळे ही पत्रं लेखिकेने नटीला लिहिलेली कमी आणि एका धंद्यातल्या बाईने दुसरीला लिहिलेली जास्त वाटतात. विंगेत उभं राहिल्यावर पाय किती दुखतात हे दोघींनाही माहीत आहे, ते समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच अनेक वाक्यं अर्धवट वाटतात.

नावांसाठी एका कागदावर तीन रकाने आखा : वर्ष, कोलेतचा पत्ता, मोरेनोचं काम. तिसऱ्या रकान्यात एवढं भरलं तरी पुरतं : १८९०पासून कोमेदी-फ्रांसेज हे पॅरिसचं राष्ट्रीय नाट्यगृह, १९०० साली लेखक मार्सेल श्वॉबशी लंडनमध्ये लग्न, १९०३मध्ये कोमेदी सोडून सारा बर्नार्तच्या नाट्यगृहात, १९०५मध्ये श्वॉबचा मृत्यू, मग काही वर्षं ब्वेनोस आयरेस, पहिल्या महायुद्धात नीसच्या इस्पितळात शुश्रूषा, १९३०नंतर बोलपट, डिसेंबर १९४५मध्ये 'शायोची वेडी' हे नाटक, आणि १४ जुलै १९४८ला तूझाक इथे मृत्यू. माणसांपैकी चार आधी ओळखून ठेवा. 'बेल-गाझू' म्हणजे कोलेतची मुलगी, जन्म १९१३. मोरिस गुदके, पुढे कोलेतचा नवरा, १९२५पासून पत्रांत शिरतो आणि मग जात नाही. लेओपोल्द मार्शां नाटककार, 'शेरी'च्या नाट्यरूपातला सहलेखक. एलेन पिकार कवयित्री. बाकीची नावं येतील तशी टिपांत पाहावीत. सगळी पाठ करायला गेलात तर पत्रं राहतील बाजूला.

प्रश्न : बऱ्याच पत्रांवर तारीख चौकटी कंसात आहे, म्हणजे ती संपादकाने घातली. कोलेत नुसता वार लिहायची असं दिसतं. मग संपादक वर्ष कसं ठरवतात? आमच्याकडेही जुन्या पत्रांचा गठ्ठा आहे, तीच पद्धत वापरता येईल का?

येईल. पद्धत सोपी आहे, पण तिचा क्रम चुकवू नये. आधी पत्ता पाहायचा, मग वार आणि तारीख यांचा मेळ घालायचा, मग पाकीट, आणि सगळ्यात शेवटी मजकूर. बहुतेक लोक मजकुरापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात : एखादा उल्लेख ओळखीचा वाटला की वर्ष मनात पक्कं होतं आणि पुढचा सगळा पुरावा त्याला वाकवला जातो.

पत्त्यांच्या बाबतीत कोलेत संपादकाची मोठीच सोय करून गेली, कारण ती सतत घरं बदलत राहिली. १९११ ते १९१६ रू कोर्तांबेर. मग ब्वलव्हार स्यूशेवरचं ६९ क्रमांकाचं घर, जवळजवळ दहा वर्षं. १९२७पासून पॅले-रॉयालच्या बागेला लागून ९, रू द बोझोले इथला ठेंगणा अधला मजला, म्हणजे तळमजला आणि पहिला मजला यांच्या मधला. १९३१ ते १९३५ शाँझेलिझेवरचं क्लॅरिज हॉटेल, मग त्याच रस्त्यावरची मारिन्यान इमारत. १९३८पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५४पर्यंत, पुन्हा ९, रू द बोझोले, पण आता पहिला मजला. उन्हाळ्याचे पत्ते याहून कामाचे. ब्रितान्यीच्या किनाऱ्यावरचं रोझव्हेन असेल तर पत्र १९२६नंतरचं नाही. सें-त्रोपेचं 'ला त्रेय म्युस्कात' असेल तर १९२६ ते १९३८ यांच्यातलं. क्युरमोंत असेल तर १९४०चा उन्हाळा, दुसरं काही नाही : पॅरिस पडताना ती तिथे मुलीच्या जागेत जाऊन राहिली आणि सप्टेंबरात परतली.

सापळा रू द बोझोलेचा आहे. रस्ता तोच, क्रमांक तोच, मध्ये आठएक वर्षांचं अंतर. नुसत्या पत्त्यावर विसंबलात तर १९२९चं पत्र १९३९मध्ये जाऊन बसेल. अशा वेळी खोलीचं वर्णन शोधावं : अंधार, बुटकं छत, दिवसाही दिवा, असं असेल तर अधला मजला, ऊन, खिडकीशी लावलेला पलंग, संधिवाताने धरलेली कंबर असेल तर नंतरचं घर.

आता वार आणि तारीख. समजा पत्रावर नुसतं 'मंगळवार, १४ जुलै' आहे. १९१० ते १९४८ या काळात १४ जुलैला मंगळवार आला तो १९१४, १९२५, १९३१, १९३६ आणि १९४२ या सालांत. एवढ्याने काम भागत नाही, पण पाचच उमेदवार राहिले. वर 'ला त्रेय म्युस्कात' असेल तर १९१४, १९२५ आणि १९४२ बाद. उरली १९३१ आणि १९३६. 'पॅरिसला परतले की क्लॅरिजवर पत्र टाक' असं असेल तर १९३१. गुदकेचा उल्लेख नवरा म्हणून असेल तर १९३६, कारण त्यांचं लग्न ३ एप्रिल १९३५चं. वाराची तारीख जुळवताना लीप वर्ष विसरलं की सगळं एका दिवसाने सरकतं; हाताने हिशेब न करता शतकाचं छापील कॅलेंडर समोर ठेवावं. आणि एक लक्षात असू द्या : मध्यरात्रीनंतर लिहिणारी माणसं वार आदल्या दिवसाचा लिहितात. तेव्हा तारीख आणि वार जुळत नसतील तर पत्र खोटं ठरवण्याआधी एक दिवस मागे-पुढे करून पाहावं.

पाकीट असेल तर टपालाचा शिक्का सगळ्यांत भरवशाचा. तो पुसट असेल तर तिकिटाची किंमत पाहा. फ्रान्समध्ये २० ग्रॅमपर्यंतच्या साध्या देशांतर्गत पत्राला एप्रिल १९२०पासून २५ सांतीम लागत. १६ जुलै १९२५ला ते ३० झाले, मे १९२६मध्ये ४०, त्याच ऑगस्टात ५०. म्हणजे एका पत्रावर ३० सांतीमचं तिकीट असेल तर ते जुलै १९२५ ते एप्रिल १९२६ या साडेनऊ महिन्यांतलंच, आणि कोलेतच्या आयुष्यातला तोच काळ सगळ्यात उलथापालथीचा. पण ५० सांतीमचा दर पुढे १९३७पर्यंत टिकला, तेव्हा वरच्या १९३१ की १९३६ या पेचात तिकीट काही मदत करणार नाही. जड पत्राला दर वेगळा आणि पोस्टकार्डाला वेगळा, हेही तपासायचं.

पाकिटाचा मोठा धोका म्हणजे अदलाबदल. घरात पत्रं वाचून पाकिटात परत घालताना हाताला येईल त्या पाकिटात घातली जातात. म्हणून कागदाच्या घड्या पाकिटाच्या मापाशी जुळतात का, शाई एकच आहे का, हे पाहिल्याशिवाय पाकिटाची तारीख पत्राला चिकटवू नये. तुमच्या गठ्ठ्याचं हेच पहिलं काम : काहीही उलगडण्याआधी कोणतं पत्र कोणत्या पाकिटात सापडलं ते क्रमांकाने लिहून ठेवा. क्रमांक मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, मागच्या बाजूला. पिना आणि क्लिपा काढून टाका, गंजतात. चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि शाई घेऊन निघते.

पॅरिसमधल्या पॅरिसमध्ये गेलेली निळसर, कडेने चिकटवलेली छोटी चिठ्ठी असेल तर ती हवेच्या दाबाने नळ्यांतून जाणाऱ्या टपालाची. ती एक-दोन तासांत पोचे आणि तिच्यावर शिक्का तासासकट असतो. त्यामुळे 'आज रात्री येतेस ना?' एवढाच मजकूर असला तरी ती दोन्ही बायका त्या दिवशी शहरात होत्या हे पक्कं होतं, आणि त्यावरून शेजारच्या दोन-तीन पत्रांचा क्रम लागतो. मात्र कागद निळा दिसला म्हणून लगेच हा निष्कर्ष काढू नका. कोलेतला लिहायलाच निळा कागद आवडायचा.

प्रश्न : मोरेनोची उत्तरं कुठे आहेत? एकाच बाजूची पत्रं वाचून मैत्रीबद्दल काही म्हणणं योग्य आहे का?

१९५९चा संग्रह फक्त कोलेतच्या पत्रांचा आहे. तेव्हा मोरेनो 'अशी होती' असं त्यावरून म्हणायचं नाही. कोलेतला ती अशी दिसत होती, एवढंच म्हणता येतं. कोलेत मैत्रिणीला धीर देताना फुगवून लिहिते, रागावताना त्याहून फुगवते. तिने 'तू इतकी थकलीस' लिहिलं म्हणून मोरेनोने थकल्याची तक्रार केली होती असं होत नाही.

दुसरी बाजू ऐकायची तर मोरेनोच्या आठवणी वाचा. 'माझ्या आयुष्यातल्या आठवणी' हे पुस्तक १९४८मध्ये, तिच्या मृत्यूच्याच वर्षी आलं आणि त्याला प्रस्तावना कोलेतची आहे. कोलेतच्या 'निळा कंदील' या १९४९च्या पुस्तकातही मोरेनोवरची पानं आहेत. पत्रं, आठवणी आणि ती पानं एकाच प्रसंगाबद्दल बोलतात तिथे शेजारी शेजारी ठेवून पाहा. फरक दिसतील, आणि ते फरक हेच वाचण्यासारखं असतं. पत्र लिहिताना समोर एकच वाचक असतो, पुस्तक लिहिताना अनोळखी हजार.

प्रश्न : कोलेतने मोरेनोला पत्रातून लिहायला शिकवलं असं लेखात एका ओळीत होतं. मी स्वतः आठवणी लिहितो आहे. तिने नेमकं काय सांगितलं?

त्या ओळीला अधिक जागा द्यायला हवी होती. संग्रहातलं सगळ्यात उपयोगी पत्र तेच आहे. काळ १९२०च्या दशकाच्या मध्याचा. कोलेतला वर्तमानपत्राचा मोठा अनुभव होता. 'ल मातँ' या दैनिकाची वाङ्मयीन बाजू तिने काही वर्षं सांभाळली होती. मोरेनोने जुन्या ओळखीच्या लोकांबद्दल, म्हणजे कादंबरीकार अनातोल फ्रान्सच्या वर्तुळातल्या मंडळींबद्दल, काही पानं लिहून पाठवली. कोलेतने ती फाडून खाल्ली म्हणायला हरकत नाही.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. तू बोलतेस तेव्हा जादू असते, लिहितेस तेव्हा तीच निम्म्याहून जास्त उडून जाते. तुझ्या पानांत एकही शब्द असा नाही की ज्याने ही माणसं दिसतील, ऐकू येतील. निवेदन नको. रंगाचे सुटे सुटे फटकारे हवेत. शेवटाला तात्पर्य काढायची गरज नाही. वाचकाची माफी मागत बसू नकोस. जेवणाचा प्रसंग आहे तर जागा दाखव, पाहुणे दाखव, ताटात काय होतं तेसुद्धा दाखव, नाहीतर ते उभं राहत नाही. आणि लिहायचा तुला कंटाळा येतो आहे हे आम्हाला कळू देऊ नकोस.

हा सल्ला नटीला दिलेला आहे, हे महत्त्वाचं. नटी गोष्ट सांगते तेव्हा अर्धं काम आवाज करतो, उरलेलं भुवई आणि थांबणं करतं. ती 'काय विलक्षण बाई होती!' म्हणते आणि ऐकणाऱ्याला बाई दिसते, कारण म्हणताना तिने त्या बाईचीच मान वळवलेली असते. कागदावर मान नसते. तिथे 'विलक्षण' हा शब्द एकटाच उरतो आणि तो काहीच दाखवत नाही. गप्पांत रंगणाऱ्या माणसांच्या आठवणी कागदावर फिक्या का पडतात, याचं कारण बहुतेक वेळा हेच. भाषा कमी पडते असं नाही. आवाज करत होता ते काम आता कोणी करायचं, हे ठरलेलंच नसतं.

तुमच्या हस्तलिखितावर हे असं वापरा. एकच पान घ्या. त्यातली माणसांना दिलेली सगळी विशेषणं खोडा : थोर, प्रेमळ, विक्षिप्त, देखणी, सगळी. आता पान वाचा. माणूस अजून दिसतो का? दिसत नसेल तर प्रत्येक खोडलेल्या विशेषणाच्या जागी एक हालचाल किंवा एक बोललेलं वाक्य घाला, दोन नको. दोन घातलीत की वाचक पहिलं विसरतो. मग प्रसंगाची जागा ठरवा : खोली, उजेड कुठून येतो, टेबलावर काय आहे, कोण कोणाशेजारी बसलं आहे. हे सगळं लिहायचं नाही. तुम्हाला माहीत असायला हवं आणि त्यातल्या दोन-तीन वस्तू पानावर याव्यात. नेपथ्यात वापरात येणार असतील तेवढ्याच वस्तू ठेवतात, तसं. शेवटी पानाची पहिली आणि शेवटची दोन-दोन वाक्यं झाकून वाचून पाहा. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, कारण पहिल्या दोन वाक्यांत आपण घसा साफ करत असतो आणि शेवटच्या दोनमध्ये तात्पर्य सांगत असतो.

चूक होते ती अतिरेकात. सुटे फटकारे म्हणजे नुसते तुकडे नव्हेत. कोण, कुठे, कधी हे वाचकाला एकदा स्वच्छ कळलं पाहिजे. ते एका साध्या वाक्यात सांगून मोकळं व्हावं आणि मग फटकारे सुरू करावेत. कोलेत स्वतः तेच करते. तिची पत्रं उडी मारल्यासारखी वाटतात, पण ती कुठे बसून लिहिते आहे हे पहिल्या चार ओळींत बहुधा कळलेलं असतं.

प्रश्न : १९४०नंतर काही ठिकाणी मजकूर अचानक कोरडा, तुटक होतो. दोघींत काही बिनसलं होतं का?

मैत्रीपेक्षा टपालाकडे पाहा. जून १९४०मध्ये जर्मनीशी झालेल्या शस्त्रसंधीनंतर फ्रान्सचे व्याप्त आणि अव्याप्त असे दोन भाग पडले, मध्ये सीमारेषा. कोलेत पॅरिसमध्ये, म्हणजे व्याप्त भागात. मोरेनोचं 'ला सूर्स ब्लू' हे घर तूझाकला, लो विभागात, रेषेच्या पलीकडे. रेषेपलीकडे पत्र पाठवता येत नव्हतं. सप्टेंबर १९४०च्या अखेरीला छापील कार्डं निघाली : त्यांवर 'तब्येत चांगली', 'थकलेला', 'जखमी', 'मृत', 'कैदेत' अशा नोंदी आधीच छापलेल्या, लागू नसेल ते खोडायचं आणि मोकळ्या जागी नावं भरायची. १९४१मध्ये सात कोऱ्या ओळींची कार्डं आली, त्या वर्षाच्या उत्तरार्धात साधी पोस्टकार्डं चालू लागली, आणि बंद पाकिटातली पत्रं मार्च १९४३मध्ये पुन्हा सुरू झाली.

म्हणजे या काळातला मजकूर वाचताना आधी विचारायचं, हे लिहायला जागा किती होती आणि वाटेत कोण वाचणार होतं? गुदके ज्यू होता. १२ डिसेंबर १९४१ला जर्मनांनी त्याला पकडून कोंपिएन्यच्या छावणीत नेलं. फेब्रुवारी १९४२मध्ये तो सुटला. अशा गोष्टी उघड्या कार्डावर कोणी लिहीत नाही. तब्येत, हवा, कोंबड्या, बटाटे यांवर भर दिसतो तो भोळेपणाने नाही. खाण्याचे उल्लेख मात्र खरेच खाण्याचे समजा, त्यांत गुप्त अर्थ शोधू नका. पॅरिसमध्ये तेव्हा अन्नाचीच वानवा होती, आणि कोलेतला शेतावरून पुडकी पाठवणाऱ्या दोघींना तिने लिहिलेल्या पत्रांचा वेगळा संग्रहही आहे.

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच लेखिका जॉर्ज सांद आणि नटी मारी दोर्वाल यांचीही पत्रं आहेत म्हणे. कोलेत-मोरेनोची तारखा लावायची युक्ती तिथे चालेल का?

अर्धीच. सांद-दोर्वाल मैत्री जानेवारी १८३३मध्ये सुरू झाली आणि २० मे १८४९ला दोर्वालच्या मृत्यूने संपली. फ्रान्समध्ये टपालतिकिटं आली १ जानेवारी १८४९ला. म्हणजे जवळजवळ सगळा पत्रव्यवहार तिकिटांच्या आधीचा. पैसे सहसा घेणाऱ्याने द्यायचे, अंतरावर आणि वजनावर. पाकीट म्हणजे एक जादा कागद आणि जादा पैसे, म्हणून पत्राचाच कागद दुमडून पाठीवर पत्ता लिहीत. याचा फायदा असा की शिक्का पत्रावरच असतो, अदलाबदल होत नाही. तोटा असा की पॅरिसमधल्या चिठ्ठ्या बऱ्याचदा नोकराच्या हाती जात आणि त्यांवर काहीच नसतं. नोआंहून, म्हणजे सांदच्या गावच्या घरून, गेलेल्या पत्रांवर शिक्का जवळच्या ला शात्र गावचा दिसतो, कारण टपालकचेरी तिथे होती. त्यावरून सांद ला शात्रला होती असं धरू नये.

इथे नाटकांच्या तारखा फार कामाला येतात. दोर्वालने 'आंतोनी' आणि 'मारियॉं दलोर्म' १८३१मध्ये केलं, व्हिन्यीच्या 'शातर्तों'चा पहिला प्रयोग १२ फेब्रुवारी १८३५चा, आणि सांदचं स्वतःचं 'कोझिमा', ज्यात दोर्वालच प्रमुख भूमिकेत होती, २९ एप्रिल १८४०ला कोमेदी-फ्रांसेजमध्ये आलं आणि पडलं. तालमीचा नुसता उल्लेख असला तरी वर्ष सापडतं. सांदची सही आणखी एक खूण : सुरुवातीला ती 'जॉर्ज'च्या फ्रेंच स्पेलिंगात शेवटी 'एस' लावायची, पुढे तो गळला. आणि १८५६मध्ये तिने आपलं तिरकं अक्षर सोडून सरळ उभं अक्षर धरलं. तेव्हा दोर्वालला लिहिलेलं म्हणून कोणी उभ्या अक्षरातलं पत्र दाखवलं तर ते मूळ पत्र नाही. फार तर नंतरची नक्कल.

एकाच बाजूच्या पत्रांवरून निष्कर्ष काढू नये असं वर म्हटलं, त्याचं उदाहरण इथेच आहे. सांदच्या दोर्वालला लिहिलेल्या एका पत्रावर दोर्वालचा प्रियकर कवी व्हिन्यी याने शेरा मारून ठेवला आहे, की याला उत्तर द्यायला आपण मारीला मनाई केली. तो शेरा नसता तर दोर्वालच दुर्लक्ष करत होती असं आपण म्हटलं असतं.

दोन्ही बाजूंची पत्रं सिमोन आंद्रे-मोर्वा यांनी १९५३मध्ये गालिमारकडून काढली. सांदच्या बाजूची पत्रं जॉर्ज ल्युबँ यांच्या गार्निये आवृत्तीतही आहेत. तिचा पहिला खंड १९६४चा आणि एकूण पंचवीसहून अधिक खंड आहेत. उद्धृत करायचं तर ल्युबँची आवृत्ती घ्या. सांदच्या आत्मचरित्रात छापलेल्या पत्रांवर मात्र विसंबू नका. वडिलांची पत्रं तिने तिथे चक्क पुन्हा लिहून काढली आहेत, हे मूळ कागदांशी ताडून दाखवलं गेलं आहे. दोर्वालच्या अखेरच्या दिवसांबद्दल तिचा जावई रने ल्युगे याने लिहिलेलं पत्रही आत्मचरित्रात आहे; भिडणारं आहे, पण तेही त्याच हाताखालून गेलं आहे हे ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न : कोलेतची काही पत्रं मराठीत आणायची आहेत. हक्कांचं काय?

फ्रान्समध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे कोलेतने हयातीत छापलेलं लेखन तिथे १ जानेवारी २०२५पासून मुक्त झालं. पत्रं मात्र मरणोत्तर छापली गेली. अशा लेखनाचे नियम वेगळे असतात आणि देशोदेशी बदलतात, म्हणून प्रकाशकाला लेखी विचारून घ्या. पिशवा यांच्या टिपा आणि त्यांनी लावलेला मजकूर यांवरचा हक्क स्वतंत्र आहे. ते २००४मध्ये वारले. इंग्रजीवरून करणार असाल तर रॉबर्ट फेल्प्स यांची १९८०ची निवड आहे, तिच्यात मोरेनोला लिहिलेली पत्रंही आहेत, पण ती निवड आहे आणि त्या अनुवादाचाही हक्क वेगळा. मूळ फ्रेंचवरूनच करावं.

प्रश्न : मोरेनो कशी दिसायची, बोलायची हे पाहायला काही उपलब्ध आहे का?

आहे. रेमों बेर्नारच्या १९३४च्या 'ले मिझेराब्ल'मध्ये ती तेनार्दिएची बायको आहे, आणि साशा गित्रीच्या १९३६च्या 'एका ठकाची कादंबरी'त म्हातारी काउंटेस. दुसऱ्यात तिचं काम थोडं आहे, पण आधी तोच पाहा. क्लोद ओतां-लारा यांचा १९४३चा 'दूस' तिसरा. तिथे तिला खरा वाव आहे. नाटककार जिरोदूचं 'शायोची वेडी' दिग्दर्शक लुई जुव्हेने आतेने नाट्यगृहात उभं केलं तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती, आणि जिरोदू जानेवारी १९४४मध्येच वारला होता. चित्रपट पाहताना उपशीर्षकं एकदा बंद करून नुसता आवाज ऐका, आणि मग १९२४-२५ची पत्रं पुन्हा काढा. कोलेत कोणत्या आवाजाला उत्तर देत होती ते कळेल, आणि लिहिताना हरवतं म्हणून ती का चिडली होती तेही.